खाड्यांचा हिशेब

चांगल्या सवयींची नोंद ठेवायला बहुतेक जण उत्साहाने सुरुवात करतात आणि पंधरवड्यात वही बाजूला पडते. दोष लिहिणाऱ्याच्या आळसाचा, वहीचा, की वही तपासणाऱ्याचा?

जिंतूर, सेलू, चारठाणा या पट्ट्यात, किंबहुना सगळ्या मराठवाड्यातच, पहाटेच्या अंधारात रस्त्याच्या कडेने धावणारी मुले-मुली दिसली की समजावे, भरती जवळ आली. पोलीस शिपाई पदाच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. शिवाय १०० मीटर धाव आणि गोळाफेक आहेच. या मुलांची तयारी करून घेणाऱ्या 'सरां'च्या एका हातात स्टॉपवॉच नाहीतर मोबाइल असतो आणि दुसऱ्या हातात वही. काल किती वेळ लागला, आज किती लागला, सगळे त्या वहीत. नोंद कशासाठी ठेवायची, हे या मुलांना समजावून सांगावे लागत नाही. सेकंदांवर गुण ठरतात आणि गुणांवर नोकरी.

चारठाणा हे जिंतूर तालुक्यातले जुने गाव. बाहेरचा माणूस इथे येतो तो यादवकालीन मंदिरे, बारव आणि तो प्रसिद्ध दगडी स्तंभ पाहायला. पण अशा कुठल्याही मोठ्या गावात धावणाऱ्या मुलाच्या घरातच एक दुसरे चित्र असते. वडिलांनी पन्नाशी ओलांडलेली, रक्तदाबाची गोळी चालू, साखर 'बॉर्डरवर' असल्याचे तालुक्याच्या डॉक्टरांनी सांगितलेले. रोज अर्धा तास चालायचे, चहातली साखर कमी करायची, जेवण वेळेवर घ्यायचे, इतकाच सल्ला. पुढच्या भेटीत डॉक्टर विचारतात, "चालता का?" उत्तर ठरलेले, "चालतो की." किती दिवस, किती वेळ, हे ना डॉक्टरांना माहीत, ना चालणाऱ्याला.

तालुक्याच्या गावांत जिम आल्या तशी ही चाळिशी-पन्नाशीतली मंडळीही प्रशिक्षकांच्या दारात येऊ लागली. शिक्षक आहेत, दुकानदार आहेत, बाळंतपणानंतर वजन वाढलेल्या तरुण आया आहेत. प्रशिक्षक त्यांच्या हातात तशीच वही देतो, किंवा मोबाइलवर एखादे अॅप टाकून देतो. पाणी किती प्यायले, पावले किती झाली, झोप किती तास, जेवणात काय, वजन किती. पहिला आठवडा वही भरते. दुसऱ्या आठवड्यात रविवारी बसून मागचे चार दिवस आठवून लिहिले जातात. तिसऱ्या आठवड्यात मेंबर वही घरी विसरतो आणि चौथ्या आठवड्यात स्वतःच यायचा थांबतो. भरतीच्या पोरांना लागू पडलेली वही इथे का चालत नाही, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही.

कारण या वयोगटात पणाला लागलेले असते ते आरोग्यच. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 'इंडियाब' या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. प्रौढांपैकी ३५ टक्क्यांहून अधिक लोकांचा रक्तदाब वाढलेला आढळला. २०२४ मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या नियतकालिकात आलेल्या जागतिक अभ्यासाप्रमाणे भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करत नाहीत आणि स्त्रियांमध्ये हे प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त आहे. हा आजार शहरी आणि सुखवस्तू लोकांचा, ही समजूत केव्हाच मोडीत निघाली आहे. सोयाबीनच्या काढणीत घाम गाळणारा शेतकरी उरलेल्या महिन्यांत मोटारसायकलवरून उतरत नाही, आणि बाजारातला दुकानदार तर बाराही महिने गल्ल्यावर बसलेला असतो.

उंबरठ्यावरच्या माणसाला मागे फिरवता येते, हे भारतातच सिद्ध झाले आहे. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने ५३१ जणांवर केलेला अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. आहार आणि चालण्याच्या सल्ल्याचा नियमित पाठपुरावा केलेल्या गटात तीन वर्षांत मधुमेह होण्याचे प्रमाण नुसत्या सर्वसाधारण सल्ल्यावर सोडलेल्या गटापेक्षा २८.५ टक्क्यांनी कमी राहिले. याच गटाने पुढे ५३७ पुरुषांवर आणखी एक प्रयोग केला. त्यातल्या निम्म्या लोकांना मोबाइलवर आहार-व्यायामाची आठवण करून देणारे साधे एसएमएस पाठवले. दोन वर्षांनी संदेश मिळणाऱ्यांपैकी १८ टक्के लोकांना मधुमेह झाला, न मिळणाऱ्यांपैकी २७ टक्के लोकांना. औषध तेच, डॉक्टर तेच. फरक एवढाच की कोणीतरी मधूनमधून आठवण करत होते.

नोंदीचे काम याच जातीचे आहे. ब्रिटनमधल्या संशोधकांनी २०१६ मध्ये अशा १३८ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात जवळपास २० हजार लोकांचा समावेश होता. ठरवलेल्या ध्येयाकडे आपण किती सरकलो हे वारंवार पाहणारे लोक ते गाठण्याची शक्यता जास्त, असा त्याचा निष्कर्ष. मनातल्या मनात पाहण्यापेक्षा कागदावर उतरवण्याचा परिणाम मोठा होता. अमेरिकेत २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुमारे १,७०० जणांच्या अभ्यासात, रोज खाल्लेले लिहून ठेवणाऱ्यांचे वजन काहीच न लिहिणाऱ्यांच्या तुलनेत साधारण दुप्पट उतरले. पावले मोजणाऱ्या साध्या यंत्राचेही तेच. २००७ मधल्या २६ अभ्यासांच्या आढाव्यात ते कमरेला लावणाऱ्यांची चाल दिवसाकाठी सुमारे अडीच हजार पावलांनी वाढलेली दिसली. अट मात्र होती. किती चालायचे हे आधी ठरवलेले असेल तरच. नुसते यंत्र लावून फिरणाऱ्यांना म्हणावा तसा फायदा झाला नाही.

वही खोटे का बोलते?

म्हणजे लिहिणे उपयोगाचे. पण लिहिलेले खरे असते का?

न्यूयॉर्कमधल्या संशोधकांनी १९९२ मध्ये एक छोटा पण पुढे फार गाजलेला अभ्यास प्रसिद्ध केला. 'मी अगदी कमी खातो, तरी वजन उतरत नाही' अशी तक्रार असणाऱ्या लोकांच्या नोंदी त्यांनी प्रयोगशाळेतल्या मोजमापांशी ताडून पाहिल्या. या लोकांनी खाल्लेल्या अन्नापैकी सरासरी ४७ टक्के भाग नोंदीत आलाच नव्हता आणि शारीरिक हालचाल मात्र ५१ टक्क्यांनी फुगवलेली होती. ही माणसे लबाड नव्हती. त्यांच्या चयापचयात काही बिघाडही नव्हता. माणसाची आठवण अशीच चालते.

आपल्याकडे हे समजायला प्रयोगशाळा लागत नाही. कोणालाही विचारावे, दिवसात चहा किती? 'दोन' हे उत्तर मिळते. सकाळचा आणि संध्याकाळचा. बसस्टँडवर मित्र भेटला तो कट, पंचायतीत बसलो तेव्हाचा अर्धा कप, पाहुण्यांबरोबर घ्यावा लागला तो, हे चहा मोजदादीत धरले जात नाहीत, कारण ते आपण 'प्यायलेले' नसतात, ते 'झालेले' असतात. प्रत्येकात दोन चमचे साखर धरली तर हिशेब कुठे जातो ते पाहावे. शेंगदाण्याचे तोंडात टाकलेले चार दाणे, मुलाच्या ताटात उरलेला घास, संकष्टीच्या उपवासाची साबुदाण्याची खिचडी, या सगळ्यांची गत तीच.

त्यात भर पडते ती समोर बसलेल्या माणसाची. वही सरांना दाखवायची आहे, हे माहीत असले की लिहिणाऱ्याचा हात आपोआप सरांना आवडेल ते लिहितो. सरांनी एकदा भुवया उंचावून "काका, काल दोन जिलब्या?" असे विचारले की पुढच्या लग्नातल्या जिलब्या वहीत येत नाहीत. जिलब्या खाणे थांबत नाही, लिहिणे तेवढे थांबते. आणि मग प्रशिक्षक त्या स्वच्छ वहीकडे पाहून म्हणतो, आहार तर उत्तम आहे, वजन का उतरत नाही कोण जाणे. त्यावर तो जेवण आणखी कमी करायला सांगतो. इथून पुढे दोघेही एका खोट्या वहीवर मेहनत घेत राहतात.

खाडा म्हणजे काय?

या गुंत्यातून बाहेर पडायची वाट मराठी घरांच्या भिंतीवर केव्हाची टांगलेली आहे. जयंतराव साळगावकरांचे 'कालनिर्णय' १९७३ मध्ये आले आणि घरोघरच्या कॅलेंडरची सणवार, चतुर्थी-एकादशीइतकीच महत्त्वाची दुसरी जबाबदारी ठरली ती दुधाच्या हिशेबाची. तारखेच्या चौकोनात 'एक लि.', पाहुणे आले त्या दिवशी 'दीड', गावाला गेलो त्या दिवशी फुली. फुली म्हणजे खाडा. ज्यांच्या दावणीला म्हैस आहे त्यांच्या घरी उलटा हिशेब, संकलन केंद्रावर घातलेल्या दुधाचा, लिटर आणि फॅटसह. पण रोजच्या रोज, दोन सेकंदांत, भिंतीवर किंवा कार्डावर. कोणत्याही प्रशिक्षणाशिवाय, फारसे न शिकलेल्या आजीनेही, वर्षानुवर्षे न चुकता चालवलेली ही नोंद आहे. सवयींची नोंद ठेवणे आपल्या लोकांना जमत नाही असे म्हणणाऱ्याने एकदा स्वयंपाकघरातले कॅलेंडर पाहावे.

'खाडा' हा शब्द मराठीत दोन ठिकाणी राबतो. रोजगार हमीच्या कामावर किंवा मुकादमाच्या हजेरीपटावर खाडा पडला की मजुरी बुडते. तो दुसऱ्याने मांडलेला असतो, आणि त्यात आपले नुकसान असते. दुधाचा खाडा मात्र घरातलीच बाई स्वतःच्या हाताने मांडते. तो मांडायला ती विसरली तर जास्तीचे पैसे जातात, म्हणून तो ती आवर्जून मांडते. त्यात लाज कसली? चार दिवस माहेरी गेलो होतो, दूध घेतले नाही, इतकाच अर्थ.

व्यायामाच्या वहीचे सगळे दुखणे इथे आहे. ती दिली जाते हिशेब म्हणून आणि वाचली जाते हजेरीपट म्हणून. खाडा दिसला की सर नाराज होतात, म्हणून मेंबर खाडा लपवतो, आणि लपवलेला खाडा उपयोगाचा राहत नाही. वास्तविक चांगल्या प्रशिक्षकाला वहीतल्या टिकांपेक्षा फुल्यांतून जास्त कळते. दर मंगळवारी चालणे बुडते का? मंगळवारी आठवडी बाजार असेल, तर दुकानदार त्या दिवशी रात्री दहाच्या आत सुटत नाही. त्याला इच्छाशक्तीवर व्याख्यान देऊन काय होणार? मंगळवार सोडून सहा दिवसांचे ठरवावे, किंवा मंगळवारी सकाळी. "काका, का नाही चाललात?" या प्रश्नाला सबब मिळते. "काका, मंगळवारी काय असतं हो?" याला माहिती मिळते.

एकदोन दिवस बुडाले म्हणजे सगळे मुसळ केरात गेले, ही भीतीही निराधार आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ९६ जणांनी रोज एकाच ठरलेल्या वेळी किंवा प्रसंगी एक नवी गोष्ट करायची होती. जेवताना फळ खाणे, पाणी पिणे, जेवणाआधी पंधरा मिनिटे धावणे अशी. ती गोष्ट अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले. पण हा मधला आकडा झाला. कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणाच्या बाबतीत अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. पाणी पिण्यासारख्या गोष्टी लवकर रुळल्या, व्यायामाला त्याच्या दीडपट वेळ लागला. आणि मधला एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. '२१ दिवसांत सवय' असे जिमच्या भिंतीवर लिहिलेले असते, त्याला या अभ्यासात आधार सापडत नाही. २२ व्या दिवशीही अंथरुणातून उठणे जड जात असेल तर ते अगदी नेहमीचे आहे, इतके तरी मेंबरला आधीच सांगून ठेवावे.

हो की नाही, एवढेच

२०१८ च्या सुमारास महाराष्ट्रातल्या घराघरांत एक वाद रंगला होता. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक राहिलेले डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगत होते, दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवा आणि ४५ मिनिटे चाला. मुंबईच्या आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर सांगत होत्या, थोड्या थोड्या वेळाने, घरचे आणि हंगामातले खा. लग्नाच्या पंगतीतही लोक या दोन पक्षांत वाटले गेले. कोण बरोबर, यावर वैद्यकातही मतभेद आहेत आणि तो या लेखाचा विषय नाही. पण दोघांच्या मांडणीतली एक गोष्ट सारखी आहे आणि तिच्याकडे फार कमी लोकांचे लक्ष गेले.

'दोनदाच जेवलो का?' याला उत्तर हो किंवा नाही. कॅलरी मोजायची गरज नाही, वाटी-चमच्याचे माप नको. दिवेकरांनी २०१८ च्या सुरुवातीला लोकांसाठी खुला केलेला बारा आठवड्यांचा उपक्रमही याच धाटणीचा होता. दर आठवड्याला एकच सूचना. पहिल्या आठवड्यात एवढेच की दिवसाची सुरुवात चहाने न करता केळे किंवा भिजवलेले बदाम किंवा मनुका खाऊन करायची. केले की नाही? टीक किंवा फुली. हजारो लोकांनी हे दोन्ही मार्ग पाळून पाहिले, त्याचे श्रेय त्यातल्या आहारशास्त्राइतकेच या सोपेपणालाही द्यायला हवे.

(एक खबरदारी इथेच सांगायला हवी. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने जेवणाच्या वेळा बदलण्याआधी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे. साखर एकदम खाली जाण्याचा धोका खरा असतो. आणि कोणत्याही प्रशिक्षकाने कोणाचीही गोळी बंद करू नये.)

तेव्हा सुरुवात करायची ती एका सवयीने, आणि ती अशी निवडायची की रात्री झोपताना तिचे उत्तर एका खुणेत देता यावे. 'आरोग्यदायी आहार घेतला' ही सवय नव्हे, तो निबंधाचा विषय झाला. 'संध्याकाळच्या चहात साखर घातली नाही' ही सवय. 'जास्त चालायचे' हे नव्हे; 'रात्रीच्या जेवणानंतर मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन आलो' हे. सवय कोणत्या प्रसंगाला बांधली आहे हेही त्यातच आले. जेवण रोज होते, म्हणून जेवणानंतरचे चालणे आठवते. 'वेळ मिळेल तेव्हा' ठरवलेले चालणे कधीच होत नाही, कारण वेळ कोणाला मिळत नाही.

ही सवय कोणी निवडायची? मेंबरने. प्रशिक्षकाला इथेच सर्वाधिक संयम लागतो, कारण त्याला समोरच्याच्या दहा चुका दिसत असतात. पण ज्याने त्याने स्वतः निवडलेली क्षुल्लक गोष्ट दुसऱ्याने लादलेल्या मोठ्या गोष्टीपेक्षा जास्त टिकते. त्यातही एक युक्ती अनुभवी प्रशिक्षक वापरतात, ती अशी की पहिले दोन आठवडे काहीही बदलायला सांगायचेच नाही. फक्त आहे ते लिहायचे. चहा किती, चालणे किती. सुधारणा करायची नसल्याने खोटे लिहायचे कारण उरत नाही. गंमत म्हणजे पुष्कळदा या दोन आठवड्यांतच चहा दोनाने कमी होतो. पाहणाऱ्याला स्वतःच कळते.

घरातल्या बाईची गोष्ट थोडी वेगळी आहे. पहाटेपासून रात्रीपर्यंत ती पायावर उभी असते, आणि तिला 'तुमची हालचाल कमी आहे' असे सांगणे म्हणजे भांडण ओढवून घेणे. तिच्या बाबतीत बुडते ते बहुधा वेळेवरचे जेवण, पाणी आणि झोप. सगळ्यांचे झाल्यावर उरलेले जेवणारी बाई दुपारी तीनला जेवते आणि चारला चहा-बिस्कीट खाते. तिच्यासाठी 'दुपारी दोनच्या आत जेवले' ही एक खूण पुरते. आणि त्यासाठी वेगळी वही नको, अॅप तर नकोच. दुधाच्या आकड्याशेजारी, त्याच चौकोनात, एक ठिपका. मोबाइल घरात सगळ्यांचा असतो, पण त्या कॅलेंडरवरचा पेन तिचा असतो.

आकड्यांचा जाच

दहा हजार पावलांचे व्रत आता खेड्यातल्या मनगटावरच्या पट्ट्यापर्यंत पोहोचले आहे. हा आकडा कोणत्या प्रयोगशाळेतून आला, याची चौकशी केली तर हाती लागते एक जपानी जाहिरात. टोकियो ऑलिम्पिकनंतर १९६५ मध्ये तिथल्या एका कंपनीने पावले मोजायचे यंत्र बाजारात आणले, त्याचे नाव 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावले मोजणारे. नाव गोळीबंद होते, ते चिकटले. पुढे २०१९ मध्ये अमेरिकेतल्या डॉ. आय-मिन ली यांच्या गटाने साडेसोळा हजारांहून अधिक वयस्क स्त्रियांच्या पावलांचा अभ्यास केला. रोज सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० पावले चालणाऱ्या स्त्रियांमध्ये मृत्यूचे प्रमाण पुढच्या चारेक वर्षांत ४१ टक्क्यांनी कमी होते. ७,५०० च्या आसपास फायदा स्थिरावलेला दिसला. म्हणजे तीन हजारांवरून साडेचार हजारांवर गेलेल्या काकूंनी खरी कमाई केलेली असते, पण पट्ट्यावरचे चक्र अर्धेही भरलेले नसते आणि त्या स्वतःला नापास समजतात.

मनगटावरचे यंत्र म्हणजे यशाची हमी नव्हे, हेही तपासून झाले आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पिट्सबर्गच्या अभ्यासात वजन कमी करणाऱ्या ४७१ तरुण प्रौढांपैकी एका गटाला हालचाल मोजणारे यंत्र दिले, तर दुसऱ्याने आपल्या नोंदी स्वतः ठेवल्या. दोन वर्षांनी यंत्रवाल्यांचे वजन सरासरी ३.५ किलोने कमी झालेले होते, स्वतः नोंद ठेवणाऱ्यांचे ५.९ किलोने. कारणाबद्दल तर्कच करता येतात. एक असा की यंत्र मोजते तेव्हा माणूस मोजायचे सोडून देतो. त्याच वर्षी अमेरिकेतल्या जॉर्डन एटकिन यांनी दाखवले की आवडीने केलेली गोष्ट मोजायला लागले की ती जास्त केली जाते खरी, पण तिच्यातली गोडी कमी होते. संध्याकाळी मित्राशी गप्पा मारत शेताच्या बांधापर्यंत जाणाऱ्याला पावले मोजायला लावू नये. तो चालतोच आहे.

वजनाचा काटा हा सगळ्यांत जाचक. मीठ, पाणी, पोट साफ होणे न होणे, बायकांच्या बाबतीत पाळीचे दिवस, एवढ्यावर तो एकदोन किलोने खालीवर होतो. रोज काट्यावर उभे राहणारा माणूस शरीरातल्या पाण्याच्या चढउतारावर खूश आणि दुःखी होत राहतो. सवय आपल्या हातात असते, वजन नसते. म्हणून रोजची खूण सवयीची करावी आणि वजन, कंबर आठवड्या-पंधरवड्यातून एकदा पाहावी. खाण्याबद्दल आधीच अपराधी वाटून घेणाऱ्या, जेवण टाळणाऱ्या किंवा खाऊन ओकणाऱ्या व्यक्तीला, विशेषतः किशोरवयीन मुलींना, अन्नाची नोंद ठेवायला सांगूच नये. तिथे गरज डॉक्टरांची असते.

आणि व्हॉट्सअॅप गट? वर उल्लेख केलेल्या १३८ अभ्यासांच्या आढाव्यात चारचौघांना सांगितलेल्या प्रगतीचा परिणाम जास्त दिसला होता, हे खरे. पण खेड्यातले चारचौघे म्हणजे भावकी, शेजार आणि सोयरे. पहिल्या तिघांचे आकडे गटावर झळकू लागले की शेवटचे तिघे गप्प होतात आणि महिनाअखेरीस 'लेफ्ट' दिसतात. ज्यांना सर्वाधिक गरज होती तेच. त्यापेक्षा नोंद एकाच माणसाला दाखवायची, आणि ती कोणाला हे दाखवणाऱ्याने ठरवायचे. कोणाला सर चालतील, कोणाला सून.

रक्तदाबाच्या रुग्णाने मात्र एक आकडा लिहावाच. घरी यंत्र असेल किंवा उपकेंद्रात मोजून मिळत असेल, तर पाच मिनिटे शांत बसून, पाय जमिनीवर टेकवून, एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावा आणि दोन्ही आकडे तारखेसह लिहावेत. चांगला आलेला तेवढा लिहायचा, हा मोह टाळावा. त्या कॅलेंडरच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून डॉक्टरांना दाखवला की "चालतो की" या उत्तराची गरज उरत नाही. चालण्याचे दिवस आणि रक्तदाब शेजारी शेजारी दिसतात आणि गोळी वाढवायची की तशीच ठेवायची, हे ठरवायला डॉक्टरांना हाताशी काहीतरी मिळते.

प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम गतीची हालचाल आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. देवळापर्यंतच्या दहा मिनिटांवरून तिथवर पोहोचायला वर्ष लागू शकते. महिनाअखेरीस, दुधवाल्याचा हिशेब करायला कॅलेंडर खाली उतरते तेव्हाच दहा मिनिटे काढून ठिपके आणि खाडे मोजावेत. ठिपके बरेच आणि खाड्यांची कारणे माहीत असतील, तर पुढच्या पानावर अंतर वाढवावे किंवा दुसरी सवय घ्यावी. खाडेच जास्त असतील तर सवय आणखी लहान करावी. दिवाळीच्या आगेमागे कापसाची वेचणी सुरू झाली की चालण्याच्या रकान्यात सलग फुल्या दिसणारच. दिवसभर शेतात वाकणाऱ्याला रात्री चालायला लावण्यात अर्थ नाही. त्या महिन्यापुरती खूण झोपेची ठेवावी, नाहीतर पाण्याची, आणि वेचणी आटोपली की पुन्हा देवळाची.